युरोपात बाईकवरून जाताना : बोगदा की बोट?

रानवाट

नमस्कार मंडळी,

इंग्लंडातून स्वतःची बाईक घेऊन युरोपात उतरायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो. अलीकडे व्यनितून (खाजगी निरोपातून) बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून बाईक चालवत जाता येत नाही, तो रेल्वेचा बोगदा आहे. इंग्लंडमधल्या फोकस्टनला बाईक आगगाडीच्या डब्यात चढवायची आणि ३५ मिनिटांनी फ्रान्समधल्या कॅलेजवळ उतरवायची. १९९४ साली सुरू झालेला हा बोगदा ५० किलोमीटरचा आहे आणि त्यातले जवळपास ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. आत गाडी ताशी १४० किलोमीटरपर्यंत वेग घेते, पण डब्यात उभं राहून ते कळतही नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना धास्ती असते ती डब्यात शिरण्याची. फलाटावरून बाजूच्या दाराने आत वळायचं आणि मग डब्यांच्या आतूनच, एका डब्यातून पुढच्या डब्यात, हळू चालवत जायचं. कर्मचारी हात करेल तिथे थांबायचं. बाईक जरा तिरकी, साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये. पट्टे बांधायची गरज पडत नाही. बसायला बाक नसतात. हेल्मेट काढून बाईकशेजारी उभं राहायचं किंवा सरळ जमिनीवर बसायचं. शेजारी जर्मनीला निघालेला एखादा रायडर असतो आणि वेळ गप्पांत जातो. ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही पासपोर्ट तपासण्या फोकस्टनलाच झालेल्या असतात, त्यामुळे पलीकडे दार उघडलं की थेट ए-१६ महामार्ग.

आता बोट. डोव्हर ते कॅले दीड तास, डोव्हर ते डंकर्क दोन तास. बाईक जहाजाच्या पोटात लावायची आणि वर जायचं. प्रवास सुरू असताना खाली परत येऊ देत नाहीत. वर गरम जेवण मिळतं, स्वच्छतागृह मिळतं, पाय पसरून बसता येतं. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर बोगदा साधारण तास-दीड तास वाचवतो. भाडं दोन्हीकडे तारीख आणि वेळ बघून बदलतं. बोट बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि शाळांच्या सुट्टीत दोन्हींचे दर चढतात.

एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि सगळी चर्चा याच दीड तासावर अडते. मला वाटतं, नकाशा उलट्या बाजूने वाचावा. आधी आपल्याला हवा तो वळणांचा, चढणीचा रस्ता नेमका कुठे सुरू होतो त्यावर बोट ठेवा आणि तिथून मागे या. कॅलेहून रँसपर्यंत, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर, ए-२६ हा सरळ आणि सपाट महामार्ग आहे. आल्प्स किंवा व्होज डोंगररांगेत जायचं असेल तर तो पट्टा कापल्याशिवाय गत्यंतर नाही. मग पहाटेचा बोगदा घ्यावा, म्हणजे संध्याकाळी व्होजच्या पायथ्याशी मुक्काम करता येतो. स्पेनला जायचं असेल तर मात्र कॅलेकडे फिरकूच नये. प्लिमथहून सांतांदेरची बोट साधारण वीस तासांत पोहोचवते, पोर्ट्समथहून बराच जास्त वेळ घेते. सांतांदेरला उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पोतेस हे गाव आहे. तिथे जाताना एर्मिदाची घळ लागते: दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळसोट कडे, मधून नदी आणि नदीला धरून रस्ता. हाच प्रवास कॅलेमार्गे केला तर फ्रान्स उभा कापण्यात हजारावर किलोमीटर महामार्ग, त्यावरचा टोल, पेट्रोल, एक मुक्काम आणि मागच्या टायरचा सपाट झालेला मधला भाग, एवढं सगळं पदरात पडतं. बोटीचं तिकीट महाग वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

लीड्सकर

रानवाट, उत्तम धागा. पण तुमचा सगळा हिशेब लंडनच्या आसपास राहणाऱ्यांचा आहे. आम्हा उत्तरेकडच्यांना फोकस्टन गाठायचं म्हणजेच अख्खी सकाळ आणि लंडनभोवतीचा एम-२५. स्कॉटलंडमधल्यांचं तर विचारूच नका, एडिंबराहून फोकस्टन सातशेच्या वर किलोमीटर भरतं.

आम्ही हलहून रॉटरडॅमची रात्रीची बोट घेतो. न्यूकॅसलहून आम्स्टरडॅमजवळच्या आयमाउडनला जाणारीही रात्रीचीच आहे. संध्याकाळी चढायचं, केबिनमध्ये झोपायचं, सकाळी नेदरलँड्समध्ये उतरायचं. केबिनचं भाडं वेगळं धरू नका, त्यात एका रात्रीचं हॉटेल वाचलेलं असतं. दुपारपर्यंत जर्मनीतल्या आयफेलच्या टेकड्यांत आणि मोझेल नदीच्या वळणांवर पोहोचता येतं. शिवाय जर्मनीत बाईकला महामार्गावर टोल नाही.

बोटीत बाईक बांधण्याबद्दल लिहितो, कारण नवे लोक तिथेच घाबरतात. रॅम्प लोखंडी, बहुधा ओला, कधी तेलकट. चढताना ब्रेक आणि क्लचशी झटापट करू नका. एका संथ वेगाने, नजर वर ठेवून जा. आत डेकवर लोखंडी पट्ट्या किंवा कड्या असतात. बाईक साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडल लॉक. पट्टा सीटवरून टाकायचा आणि त्याखाली जाड फडकं किंवा स्पंज द्यायचा, नाहीतर सीटला वळ उठतो. मग रॅचेट (पट्टा ताणायची कळ) कसताना बाईक स्टँडच्या बाजूला दाबली जाईल असं पाहायचं. सस्पेन्शन थोडं खाली बसलं की पुरे. उत्साहात शेवटपर्यंत कसू नका, साइड स्टँडवर भलता भार येतो. आरसे, इंडिकेटर, प्लॅस्टिकची पॅनेल यांना हुक कधीच अडकवायचा नाही. काही बोटींवर कर्मचारी बांधून देतात, काहींवर दोर हातात ठेवून निघून जातात. बांधून दिली तरी स्वतः हलवून बघा. आणि अलार्म बंद करा, जहाज डोललं की तो रात्रभर कोकलतो आणि बॅटरी संपते.

वर जाताना लागणारं सगळं एका छोट्या पिशवीत आधीच काढून ठेवा. पॅनिअर (बाईकच्या बाजूच्या पेट्या) उघडून डेकवर शोधाशोध करायला वेळ देत नाहीत.

उनाड

माझं मत सरळ बोगद्याला. मला बोट लागते, म्हणजे बोटीत मळमळतं. खाडीत वारा उठला की डोव्हरच्या बोटी उशिरा सुटतात, कधी बंदरच बंद ठेवतात. बोगद्याला वाऱ्याचं काही सोयरसुतक नाही. गर्दीच्या वेळी तासाला चारपर्यंत गाड्या सुटतात, त्यामुळे थोडं आधी पोहोचलं तर बऱ्याचदा आधीच्या गाडीत घेतात. सांतांदेरची शिफारस करताना बिस्केच्या उपसागराबद्दल पण लिहायला हवं होतं. तिथली लाट डोव्हरच्या लाटेसारखी नसते.

रानवाट

@उनाड, बरोबर. बिस्के खवळलेला असेल तर मोठं जहाजही चांगलं हलतं. उन्हाळ्यात तुलनेने शांत असतो, सप्टेंबर सरला की भरवसा नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मात्र गोळीने झोप येते, म्हणून उतरून लगेच चालवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. बोगदाही कधीच बंद पडत नाही असं नाही. १९९६ आणि २००८ मध्ये ट्रक नेणाऱ्या गाड्यांना आत आग लागली होती आणि वाहतूक बरेच दिवस विस्कळीत होती. दोन्ही वेळा माणसं मधल्या सेवा-बोगद्यातून सुखरूप बाहेर आली. ज्यांना आत जायची भीती वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावं: रुळांचे दोन बोगदे आहेत आणि त्यांच्या मधोमध सुटकेसाठी तिसरा.

मागची_सीट

इथे सगळे चालवणारे लिहितायत, मागे बसणाऱ्यांचं मी लिहिते.

घरापासून फोकस्टनपर्यंत दोन-अडीच तास मागे बसून आलेल्या माणसाला त्या डब्यात पुन्हा उभं राहायचं म्हणजे पाठीला विश्रांती नाहीच. जॅकेट, बूट, हेल्मेट हातात, टेकायला भिंत. त्यापुढे लगेच फ्रान्सचा महामार्ग. दोघं जात असाल तर डोव्हरची दीड तासाची बोट हीच विश्रांती समजा. खुर्चीत बसून जेवता येतं, बूट काढता येतात, डेकवर वारा खाता येतो आणि डोव्हरचे पांढरे कडे मागे जाताना दिसतात. पलीकडे उतरल्यावर दोघंही ताजे असतात आणि दुपारचे दोनशे किलोमीटर सुखाने होतात. माझा नवरा कट्टर बोगदावाला होता, आता जाताना बोट आणि येताना बोगदा असं ठरलंय. परतीला घराची ओढ असते, तेव्हा पस्तीस मिनिटं चालतात.

आणखी एक, खाण्याचं. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ब्रेक्झिटनंतर जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे. म्हणजे पनीर, तूप, पेढे, चीज सँडविच घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, कोरडी भेळ खुशाल न्या. एप्रिल २०२५ पासून येतानाही युरोपातून चीज आणि मांस आणायला बंदी आहे, तेव्हा फ्रेंच चीजची खरेदी तिकडेच खाऊन संपवा.

मुग्धा_डब्लिन

खूप माहितीपूर्ण धागा. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही डब्लिनला राहतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. पिरेनीजला जायचंय. इथले आयरिश मित्र होलिहेडला बोटीने उतरून, वेल्स-इंग्लंड कापून डोव्हरहून पुढे जातात. आम्ही तसंच करावं का?

रानवाट

मुग्धाताई, तुमच्यासाठी त्या वाटेत विनाकारण एक जास्तीचा व्हिसा आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे फ्रान्स-स्पेनसाठी शेंगेन व्हिसा काढावा लागणारच. होलिहेड ते डोव्हर बाईक चालवायची तर ब्रिटनचाही व्हिसा लागेल. आयर्लंडहून थेट बोटी आहेत, त्या घ्या. रॉस्लेअरहून आणि डब्लिनहून फ्रान्सच्या शेरबुरला, आणि रॉस्लेअरहून थेट स्पेनच्या बिल्बाओला. पिरेनीज म्हणताय तर बिल्बाओच घ्या. बोटीवर एक दिवस जाईल, पण उतरल्यावर दोन-तीन तासांत रोन्सेस्वायेसच्या घाटाशी असाल. डोव्हरमार्गे गेलात तर ब्रिटन आणि फ्रान्स दोन्ही उभे कापायचे.

इंग्लंडात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांसाठीही लिहितो. शेंगेन व्हिसा शक्यतो मल्टिपल एंट्रीचा घ्या. परत येताना ब्रिटनमधलं वास्तव्य दाखवायला आता कार्डाऐवजी ई-व्हिसा असतो, तो पासपोर्टला जोडलेला आहे ना ते निघण्यापूर्वी तपासा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी प्रवेश-नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यात शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद होते. इथे बोट-बोगद्याचा एक फरक महत्त्वाचा आहे. डोव्हर आणि फोकस्टनला फ्रेंच तपासणी ब्रिटनच्या भूमीवर, निघण्यापूर्वीच होते. म्हणून रांगेसाठी जास्तीचा वेळ हातात ठेवा. सांतांदेर किंवा नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंड बंदरात तपासणी उतरल्यावर होते. त्या दिवसाची हॉटेलची वेळ ठरवताना हे धरा.

कागदपत्रं: बाईकचं लॉगबुक (नोंदणीपत्र) मूळ प्रत, विमा, लायसन्स. ब्रिटिश नंबरप्लेटच्या बाईकला आता जीबी ऐवजी यूके स्टिकर लागतो. फ्रान्समध्ये सीई खुणेचे (युरोपीय मानकाचे) हातमोजे सक्तीचे आहेत आणि चमकदार जॅकेट बरोबर असावं लागतं.

फ्योर्डकाठी

नॉर्वेतून लिहितोय. तुमच्याकडे बोगदा आणि बोट यांतून निवड करायची असते, आमच्याकडे एकाच दिवसात दोन्ही येतात आणि हळूहळू बोगदे बोटींना गिळत चालले आहेत. स्टाव्हांगेर ते ताऊ ही बोट वर्षानुवर्षं चालायची. डिसेंबर २०१९ अखेरीस रीफिल्के बोगदा उघडला आणि ती बंद झाली. १४ किलोमीटरहून लांब, समुद्रसपाटीच्या २९२ मीटर खाली. यातून मात्र बाईक स्वतः चालवत जायची असते.

समुद्राखालच्या रस्त्याचा उतार आधी माहीत असू द्या. सुरुवातीला बरंच खाली, मग तेवढंच वर. ऐक्सुंद बोगद्यात उतार जवळपास दहा टक्क्यांचा आहे. खाली जाताना वेग नकळत वाढतो आणि समोर ट्रक रांगत असतो. लख्ख उन्हातून आत शिरताना काही क्षण काहीच दिसत नाही. काळी काच असलेलं हेल्मेट घालून इथे येऊ नका. आतली काळी काच वर सरकवता येते असं हेल्मेट असेल तर बोगद्याच्या तोंडाआधीच ती वर करा. आत गार, दमट हवा, चष्म्यावर आणि व्हायझरवर वाफ धरते.

लेर्दालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा. मध्ये तीन ठिकाणी मोठ्या गुहेसारख्या जागा करून निळा प्रकाश सोडलाय, कंटाळ्याने चालकाची नजर बधिर होऊ नये म्हणून. तो प्रकाश दिसला की डोकं खरंच जागं होतं. पण वरून जुना डोंगरी रस्ता आहे, उन्हाळ्यातही कडेला बर्फ असतो. हवा चांगली असेल तर बाईकवाल्याने तोच घ्यावा. नॉर्वेत बहुतेक टोलनाक्यांवर बाईकला पैसे पडत नाहीत.

एक बोट मात्र कधीही चुकवू नका, गाइरांगेर ते हेलेसिल्ट. तासाभराची आहे, दोन्हीकडे हजार मीटरच्या वरचे कडे आणि त्यावरून कोसळणारे धबधबे. तिथे बोट हा प्रवासाचाच भाग आहे.

दाभोळखाडी

मी रत्नागिरीचा. आम्हाला दाभोळ-धोपावेच्या जंगलजेटीत (वाहनं नेणाऱ्या बोटीत) बाईक चढवायची लहानपणापासून सवय, त्यामुळे बोटीची भीती नाही. पण मी इंग्लंडला येणार नाही. म्युनिक किंवा मिलानला विमानाने उतरून भाड्याने बाईक घेणार, आल्प्स करणार. मला बोगद्यांबद्दल सांगा. गॉटहार्ड, माँ ब्लाँ वगैरे बाईकवरून करण्यासारखे आहेत का?

रानवाट

दादा, आल्प्समध्ये आलात आणि हवा चांगली असेल तर बोगदा घ्यायचा नाही, वरचा घाट घ्यायचा. गॉटहार्डचा रस्ता-बोगदा १९८० चा, जवळजवळ १७ किलोमीटर. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तोंडाशी लांबच लांब रांगा, आत उष्मा आणि धूर. रायडिंग जॅकेट घालून त्यात सतरा किलोमीटर म्हणजे शिक्षा. वरून २१०६ मीटरवरची खिंड आहे आणि दक्षिणेला आयरोलोकडे उतरणारा जुना त्रेमोला रस्ता दगडी फरसबंदीचा, एकावर एक रचलेल्या वळणांचा. कोरडा असेल तर स्वर्ग. ओला असेल तर मात्र नव्या रस्त्याने उतरा, ते दगड पावसात निसरडे होतात.

स्वित्झर्लंडमध्ये महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना बाईकलाही लागतो, ऑस्ट्रियातही बाईकला वेगळा परवाना आहे. भाड्याच्या बाईकवर तो आहे का ते घेतानाच विचारा. खिंड बर्फाने बंद असेल तर फुर्का आणि लोएचबर्ग इथे रेल्वेवर बाईक चढवून पलीकडे जाता येतं. लोएचबर्गचा बोगदा तर १९१३ पासूनचा आहे.

माँ ब्लाँबद्दल थोडं जास्त लिहितो. ११.६ किलोमीटर, १९६५ साली खुला झाला. २४ मार्च १९९९ ला आत एका ट्रकला आग लागली आणि ३९ माणसं गेली. त्यातले एक पिएरलुचो तिनात्सी, बोगद्याचे इटालियन सुरक्षारक्षक. बाईकवरून गस्त घालणं हे त्यांचं काम. त्या दिवशी धुरात अडकलेल्यांना काढायला ते बाईक घेऊन पुन्हा आत गेले आणि एका ट्रकचालकाला सोडून न येता त्याच्याबरोबरच तिथे राहिले. दोघेही वाचले नाहीत. बाईकवाल्यांनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर तीन वर्षं बोगदा बंद होता. आता आत कमाल वेग ७०, किमान ५०, आणि पुढच्या वाहनापासून १५० मीटर अंतर सक्तीचं. गाड्या थांबल्या तरी १०० मीटर सोडायचे. बाईक छोटी आहे म्हणून ट्रकच्या मागे चिकटून किंवा दोन गाड्यांच्या फटीत घुसून उभं राहायचं नाही. भिंतीवरच्या खुणा त्यासाठीच आहेत. हे अंतर प्रत्येकाने काटेकोर पाळा, आग धरणाऱ्या वाहनापासून दूर राहण्याचा तेवढाच मार्ग असतो.

माँ ब्लाँ टाळायचा तर पेती साँ बेर्नार (२१८८ मीटर) किंवा ग्राँ साँ बेर्नार (२४६९ मीटर) ही खिंड घ्या. दोन्ही साधारण जूनपासून खुल्या असतात, नेमकी तारीख त्या वर्षीच्या बर्फावर.

लीड्सकर

@दाभोळखाडी, जंगलजेटीची सवय तुम्हाला रॅम्पवर कामी येईल. पण तिथे आपण बाईक धरून शेजारी उभे राहतो, इथे मोठ्या बोटीत सोडून वर जावं लागतं. त्यामुळे बांधणी नीट शिकून घ्या. इटलीतून सार्डिनियाला जायचा विचार असेल तर हे लागेलच.

दाभोळखाडी

सार्डिनिया मनात होतंच! मग पट्टे इथूनच आणू का?

लीड्सकर

हो, दोन आणा. साधारण २५ मिलिमीटर रुंदीचे, दोन मीटर लांब. एक सीटवरून, दुसरा पुढच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला. रॅचेटऐवजी दाबाच्या बकलचे मिळाले तर तेच घ्या, जास्त कसले जात नाहीत आणि पॅनिअरच्या कोपऱ्यात मावतात. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला हँडलशी बांधायला एक रबरी पट्टीही ठेवा, म्हणजे बाईक पुढे सरकत नाही.